तीन बहिणी आणि बारा गाणी

परीक्षक होण्याचे प्रसंग मराठीच्या प्राध्यापिकेच्या वाट्याला पुष्कळ येतात. वक्तृत्वस्पर्धा, निबंधस्पर्धा, गणेशोत्सवातल्या रांगोळ्या, सारे काही मी तपासले आहे. एकदा उखाण्यांच्या स्पर्धेचा निकालही मी दिला आणि त्यानंतर दोन शेजारणींनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला. तेव्हापासून मी घरगुती स्पर्धांपासून चार हात दूर राहते. परंतु गेल्या जानेवारीत भिवापूरला जे परीक्षकपण माझ्या गळ्यात पडले, ते नाकारण्याची सोय नव्हती.

भिवापूर हे माझे आजोळ. नागपूरहून उमरेड ओलांडून पुढे गेले की हे गाव लागते. मिरचीसाठी त्याचे नाव दूरवर आहे. लहानपणी आम्ही तिथे छोट्या रुळांवरच्या गाडीने जात असू. ती गाडी रुळ रुंद करण्यासाठी 2019 साली बंद झाली. आता मी एस.टी.ने जाते. संक्रांतीच्या सुमारास गेले की गावाबाहेर सातऱ्यांवर लाल मिरची पसरलेली दिसते, बाया देठ खुडत बसलेल्या असतात, आणि वाटसरू शिंकतो.

थोरल्या मावशीचे सहस्रचंद्रदर्शन होते. तिला काय द्यावे यावर आम्हा भाच्या-पुतण्यांत बरेच दिवस खल झाला. लुगडे ती नेसत नाही, दागिन्यांना हात लावत नाही. शेवटी ठरले की गाणी द्यावीत. कारण मावशी, माझी आई आणि धाकटी मावशी या तिघी एके काळी साऱ्या भिवापुरात ‘मंगेशकर’ म्हणून ओळखल्या जात. हळदीकुंकू असो की कोणाच्या मुलीचे लग्न, या तिघींना बोलावणे असायचेच. थोरली ती लता, धाकटी ती उषा आणि माझी आई मीना. आशा कोणी व्हायचे यावर भांडण झाले होते म्हणे. म्हणून ती जागा रिकामीच ठेवली. माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली.

ठरल्याप्रमाणे जो तो मंगेशकर भगिनींच्या निवडक गाण्यांचा एकेक संच घेऊन आला. अंगणात पाच संच मांडले गेले आणि सर्वांनी एकमुखाने सांगितले, “तू मराठीची प्राध्यापिका. यातला उत्तम कोणता ते तू ठरव. बाकीचे परत करू.”

मी वही-पेन घेऊन बसले. पाहता पाहता हा प्रश्न वाटला होता त्याहून मोठा निघाला.

पहिला संच म्हणजे मामांच्या जुन्या कपाटातली एक एल.पी. तबकडी. एका बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला सहा. दुसरा संच ऐंशीच्या दशकातली ध्वनिफीत, म्हणजे आपली कॅसेट. तिसरा तीन सीडींचा डबा, वर सोनेरी अक्षरे. चौथा गाणी आधीच भरून ठेवलेला एक देखणा रेडिओ. खुंटी फिरवली की गाणे सुरू. पाचवा संच हाताला लागणारा नव्हताच. तो भाच्याच्या फोनमध्ये होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो कधी संपतच नव्हता.

दुसऱ्या संचाचा निकाल पाच मिनिटांत लागला. वेष्टनावर छायाचित्र एकीचे, आत आवाज दुसरीचा. त्या काळात अशा कॅसेटी पुष्कळ निघत. मूळ गाणे नव्या मुलीकडून तसेच्या तसे गाऊन घ्यायचे, स्वस्तात विकायचे आणि ‘हे मूळ ध्वनिमुद्रण नव्हे’ हे मुंगीच्या अक्षरात छापायचे. गाणारी मुलगी बिचारी चांगली गात होती. तिचे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात असते तर मी तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिले असते. दुसऱ्याच्या नावावर गायला लावणे हा तिच्यावरही अन्यायच. म्हणून मी पहिला नियम लिहिला : संच आधी खरा असावा, मग सुंदर.

उरलेल्या चार संचांच्या याद्या मी शेजारी शेजारी लिहिल्या. नऊ गाणी चारही ठिकाणी तीच! फोनच्या अथांग यादीतही वर तरंगणारी गाणी तीच होती. असे का व्हावे? याचे उत्तर संगीतात नसून तबकडीच्या आकारात आहे. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून गाणीच तेवढी झाली. पुढे एल.पी. आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसू लागली, म्हणजे अशी सहा गाणी. दोन्ही बाजू मिळून बारा. कोणीतरी एकदा ही बारा निवडली. कॅसेट आली तेव्हा तीच बारा तिच्यावर गेली. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे, म्हणजे वीसच्या वर गाणी मावतात. तरी आरंभी बारा तीच. श्रोत्यांना ती आवडतात कारण ती वाजतात, आणि ती वाजतात कारण ती आवडतात! एका तबकडीची अडचण तीन पिढ्यांची आवड होऊन बसली.

दुसरा नियम त्यावरून सुचला : ज्या संचात आपल्याला ठाऊक नसलेले एकही चांगले गाणे नाही, तो संच म्हणजे नुसती हजेरी. निवडणाऱ्याने स्वतः काही ऐकले असेल तर त्याची एक तरी खूण यादीत दिसलीच पाहिजे.

यानंतर मी नावे तपासू लागले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सीडीच्या डब्यात ज्ञानेश्वरांच्या अभंगापुढे कवी म्हणून ‘पारंपरिक’ असे छापले होते. सातशे वर्षांत ज्ञानेश्वरांवर पुष्कळ प्रसंग आले. परंतु त्यांचे नाव पुसण्याचे धाडस या डब्यानेच केले. रेडिओसोबत मिळालेल्या पुस्तिकेत गायिका होती, चित्रपट होता, कवी नव्हता. फोनमध्ये तर कित्येक गाण्यांपुढे केवळ गायिका आणि कंपनी.

आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांना हे फार लागते. लताबाईंच्या आवाजातली ती मेंदीची कविता सुरेश भटांची. ते जन्मले अमरावतीत आणि त्यांनी डोळे मिटले नागपुरात. ‘महाश्वेता’ या मालिकेमुळे घरोघर पोचलेली ती भयाची कविता ग्रेस यांची. तेही नागपूरचे आणि मराठीचे प्राध्यापक. हृदयनाथांनी या कवितांना चाली दिल्या आणि बहिणींनी त्या गायल्या. संचावर यातले एकच नाव उरले, तर गाणे तेच राहते, परंतु ते कोठून आले ते कळत नाही.

एल.पी.वर मात्र कवी आणि संगीतकार होते, बारीक अक्षरात का होईना. माझ्या भाचीने ते वाचून विचारले, “हा आनंदघन कोण? खूप मोठा संगीतकार होता का?” तिला सांगितले की आनंदघन हा बुवा नव्हे, त्या लताबाईच. त्यांनी या नावाने ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ अशा चित्रपटांना संगीत दिले आणि 1965 सालच्या ‘साधी माणसं’ला तर त्यासाठी राज्य पारितोषिकही मिळाले. थोडे खाली आशाबाईंचे एक गाणे होते, कवी आरती प्रभू. भाची म्हणाली, “चला, एक तरी बाई कवयित्री आहे.” तिला पुन्हा सांगावे लागले की आरती प्रभू ही बाई नव्हे, ते चिं. त्र्यं. खानोलकर. तिने हात जोडले आणि ती आत चहा करायला गेली.

हा नावांचा प्रश्न लताबाईंनाही चुकला नव्हता. 1949 साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! श्रोत्यांनी रेडिओला पत्रे घातली की ही गाणारी कोण, आणि मग तिचे नाव सांगण्यात आले. इतक्या मोठ्या गळ्यालाही आपले नाव एकदा श्रोत्यांच्या पत्रांनी मिळाले, ही गोष्ट आज पाच हजार गाणी खिशात घालून फिरणाऱ्या मुलांना सांगितली पाहिजे.

मी अशी याद्या चाळीत असता थोरली मावशी काठी टेकीत बाहेर आली.

“काहून वं, केव्हाची काय शोधून राहिली तू?”

“मावशी, यातला चांगला संच निवडते आहे तुझ्यासाठी.”

तिने पाचही संच दुरूनच पाहिले. “तिघींचं आहे का कशात? ‘मदर इंडिया’तलं?”

मी पुन्हा याद्या पाहिल्या. 1957 सालच्या ‘मदर इंडिया’त, नौशाद यांच्या संगीतात, लता, मीना आणि उषा या तिघी बहिणींनी मिळून गायलेले एक गाणे आहे. पडद्यावर शेतात राबणारी आई आणि तिची मुले. पडद्यामागे तीन सख्ख्या बहिणी. मावशी, आई आणि धाकटी यांनी तो चित्रपट नागपूरला पाहिला होता आणि गावी परतल्यावर हे त्यांचे गाणे होऊन बसले. ते चारांपैकी एका संचात सापडले. गायिका म्हणून लिहिले होते, ‘लता मंगेशकर आणि साथी’.

मावशीला मी ते वाचून दाखवले. ती इतकेच म्हणाली, “साथी म्हणजे कोण? बहिणी की साथी?”

मग मी चारही संच पुन्हा तपासले, या वेळी बहिणींच्या अंगाने. लताबाई आणि आशाबाई सर्वत्र होत्या, आणि त्या असाव्यातच. उषाबाईंचे एखादेच गाणे होते, तेही 1972 सालच्या ‘पिंजरा’तले. राम कदमांच्या संगीतातल्या त्या लावण्यांनी त्यांचे नाव घरोघर नेले, 1975 साली ‘जय संतोषी माँ’ची गाणी देशभर गाजली, परंतु संच करणाऱ्यांनी त्यांना लावणीच्या एका खणात बसवून टाकले. मीनाबाई तर कुठेच नव्हत्या. ज्यांनी 1961 साली ‘माणसाला पंख असतात’ या चित्रपटाला संगीत दिले, ज्यांच्या बालगीतांवर आपली मुले वाढली, ज्या गीतांत त्यांच्या स्वतःच्या मुलांचे, रचना आणि योगेश यांचे, आवाज आहेत, त्या मीना खडीकर निवडक गाण्यांच्या कोणत्याच संचात नसाव्यात! थोरल्या बहिणीवर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘मोठी तिची सावली’. त्या नावात प्रेम आहे आणि बरेच काही आहे.

हे आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिला फोनवर हा घोळ सांगितला तेव्हा तिने मला डेट्रॉइट शहरातल्या तीन मुलींची हकीकत सांगितली, आणि नंतर मी ती वाचूनही काढली. फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस. या कृष्णवर्णीय मुली सरकारी वसाहतीत वाढल्या. 1961 साली त्यांना मोटाउन या कंपनीने घेतले आणि त्या ‘सुप्रीम्स’ झाल्या. हे नाव निवडले फ्लॉरेन्सने. 1964 ते 1969 या काळात त्यांची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पाहा, तिथेही बाराच!

1967 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या निवडक गाण्यांचा दोन तबकड्यांचा संच निघाला. त्यावर नाव होते ‘डायना रॉस आणि सुप्रीम्स’. त्याच उन्हाळ्यात फ्लॉरेन्सला गटातून बाजूला करण्यात आले होते. संचात तिचा आवाज होता आणि गटात ती नव्हती. पुढे ती 1976 साली हलाखीत वारली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. आणि त्या बारांतले शेवटचे गाणे, ‘कधीतरी आपण पुन्हा एकत्र येऊ’ अशा अर्थाचे, त्यात डायनाच्या मागे मेरी विल्सनचाही आवाज नाही; दुसऱ्याच गायिकांकडून ती साथ घेतली होती. गटाच्या नावावर विकल्या गेलेल्या त्या गाण्यात गटातली एकटी डायनाच होती. हे गाणे निवडक संचांत मोठ्या मानाने शेवटी घालतात. ऐकणारा हेलावतो. संच त्याला सांगत नाही की एकत्र येणार होत्या त्या तिघी या गाण्यातच नाहीत.

तेव्हा माझा तिसरा नियम तयार झाला. संचात कोण आहे हे वेष्टनावर दिसतेच. संच जोखायचा असेल तर कोण नाही ते पाहावे. मागचा आवाज गाळला तर पुढचा आवाजही पूर्वीसारखा राहत नाही. सीडीच्या डब्यात मला हेच ऐकू आले होते. जुन्या तबकडीची खरखर काढताना त्यांनी तबल्याची आस आणि तंबोऱ्याची गुंजही पुसून टाकली होती. गाणे लख्ख झाले होते, परंतु पुसलेल्या पाटीसारखे.

संध्याकाळी निकाल द्यायचा होता आणि माझ्या मते कोणीच पहिल्या बक्षिसास पात्र नव्हते. एल.पी. प्रामाणिक, पण सुई झिजलेली. रेडिओ सोयीचा, ऐंशी वर्षांच्या हातांना खुंटी फिरवता येते, हा त्याचा गुण मोठा. फोनच्या यादीत सारे होते आणि म्हणून काहीच निवडलेले नव्हते. मी हे सांगतच होते, तोच धाकटी मावशी आतून एक कापडात बांधलेली वही घेऊन आली.

“हा सहावा संच,” ती म्हणाली. “हाही तपास.”

वही माझ्या आईची होती. मी ती कधीच पाहिली नव्हती. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. मामांच्या घरी रेडिओ आला तेव्हापासून आई या वहीत गाणी उतरवीत असे. एकदा ऐकून अर्धे कडवे, पुन्हा केव्हा लागेल तेव्हा उरलेले. निवेदक गायिका, कवी, संगीतकार, चित्रपट यांची नावे सांगत. ती तिने प्रत्येक गाण्याखाली लिहिली होती. कवीचे नाव निसटले तिथे जागा कोरी सोडली होती आणि कुठे कुठे ती वेगळ्या शाईने, पुढे केव्हातरी, भरलेली होती. चौसष्ट गाणी. त्यांतली त्या प्रसिद्ध नवांपैकी जेमतेम चार.

आणि समासात, पेन्सिलीने, कोणते गाणे घरी कोण म्हणणार त्याची खूण. ‘ताई’. ‘बेबी’. ‘ताई’. ‘ताई, बेबी’. मी पाने उलटीत गेले. चौसष्ट गाण्यांत आईचे नाव एकदाही नव्हते.

मला घशाशी आवंढा आला. मी म्हटले, “मावशी, हिने स्वतःला एकही गाणे ठेवले नाही.”

थोरलीने वही जवळ ओढली, चष्मा पुसला आणि एका पानावर बोट ठेवले. ‘मदर इंडिया’चे पान होते. समासात लिहिले होते, ‘सगळ्या’.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “जिथं ‘सगळ्या’ लिहिलं ना, तिथं तुझी माय आहे. तिचा सूर खालून असे. तो नसला की माझा सूर चढे अन् हिचा घसरे. ती गेल्यावर आम्ही दोघींनी हे गाणं म्हणून पाह्यलं, जमलं नाही. देठ खुडलेली मिरची लवकर विकते बाई, पण देठासकट असली की टिकते.”

निकाल लागला. पहिले बक्षीस वहीला.

पुढचे आठ दिवस भाच्याने फोनवरची ती न संपणारी यादी कामाला लावली. चौसष्टांपैकी एकावन्न गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणे मिळाली. ती त्याने बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर घातली. तो त्या खुंटीच्या रेडिओला मागून लागतो. मी एक तक्ता केला : गाणे, गायिका, कवी, संगीतकार, चित्रपट आणि वर्ष. ‘आणि साथी’च्या जागी मीना मंगेशकर, उषा मंगेशकर अशी पूर्ण नावे लिहिली. शेवटी एक जास्तीचा रकाना ठेवला : ‘आपल्या घरी कोण म्हणत असे’. तो थोरल्या मावशीने सांगितला आणि मी लिहिला. एकवीस गाण्यांपुढे आईचे नाव आले.

यंदा दिवाळीत बहुतेक घरांत कोणीतरी कोणाला तरी गाणी भेट देईल. वेष्टन सोनेरी आहे की नाही ते खुशाल पाहावे. परंतु त्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एवढेच विचारावे की त्या गाण्यात मागून कोण म्हणत असे. उत्तर आले तर ते नाव कागदावर लिहून संचाला चिकटवून ठेवावे.

मी आता महिन्यातून एकदा भिवापूरला जाते. थोरली मावशी मला तो खालचा सूर शिकवून राहिली आहे. अजून तरी माझा निकाल नापासच आहे.